दोन थरांमधले तास : रेझिनचा आठ महिन्यांचा अनुभव

लग्नातल्या वरमालांची फुले वाळवून रेझिनमध्ये जतन करून देण्याचे काम मी कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर करते. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मी एकाच कंपनीचे इपॉक्सी, म्हणजे दोन द्रव्ये मिसळून घट्ट होणारे रेझिन, वापरले. त्यात दोन माप रेझिनला एक माप हार्डनर (रेझिन घट्ट करणारे दुसरे द्रव्य) लागतो आणि एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जाड थर ओतायचा नसतो. पारदर्शकपणाबद्दल माझी तक्रार नाही, बुडबुडेही सहज सुटतात. तक्रार आहे ती पुढचा थर चार ते सहा तासांनी ओतावा, या माहितीपत्रकातल्या ओळीबद्दल.

हे तास 25 अंश तापमान धरून दिलेले असतात. रेझिन वाळत नसते. दोन द्रव्यांच्या रासायनिक प्रक्रियेने ते घट्ट होते, आणि तापमान दहा अंशांनी चढले की या प्रक्रियेचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली पारा 37 वर असताना मी इमानदारीने सहा तास थांबले. तोवर खालचा थर पुरता कडक झाला होता. वरचा त्यावर नुसता बसला आणि हुकासाठी भोक पाडताना दोन्ही थर सांध्यावरच सुटले. जुलैत नेमके उलटे घडले. पारा 22 वर, बाहेर संततधार, आणि चार तासांनी ओतलेला पांढरा थर खालच्या मधासारख्या रेझिनमध्ये ओघळत उतरला. पाकळ्याही जागच्या हलल्या. शिवाय दोन कच्चे थर एकत्र आले की जाडी वाढते, आतली उष्णता कोंडते आणि रेझिन पिवळे पडण्याची किंवा तडकण्याची भीती असते, ती वेगळीच.

गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी बघतो, तसे मी आता हातमोजा घालून साच्याच्या कडेला बोट टेकवते. चिकटपणा जाणवावा, पण तार निघू नये आणि बोटाला काही लागू नये. तेव्हा ओतलेला थर खालच्याशी रासायनिक रीतीने जोडला जातो. कपात उरलेल्या रेझिनवर मात्र ही परीक्षा करू नये, कारण जाड गोळा स्वतःच्याच उष्णतेने लवकर जमतो आणि फसवतो.

वेळ टळलीच, तर दुसऱ्या दिवशी 220 नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच ओतते. ओरखडे नव्या थरात दिसेनासे होतात. पावसाळ्यात दमटपणामुळे कधी मेणचट साय येते. ती आधी कोमट पाण्याने धुवावी लागते, नाहीतर घासताना पृष्ठभागावरच पसरते. हे कळेपर्यंत एक नावाची पाटी वाया गेली.

तेच रेझिन मी पुन्हा मागवले आहे. नव्या डब्यावर पेन्सिलीने एप्रिलचे दोन तास आणि जुलैचे सात तास लिहून ठेवले आहेत. डिसेंबरची जागा अजून कोरी आहे.