ट्रॅकर माझ्या गाडीत, बटण दुसऱ्याच्या हातात

एकूण २२,४३० रुपये गेले. गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारा ट्रॅकर, दुरून इंजिन बंद करायचा रिले (म्हणजे विजेचा स्विच) आणि ‘पाच वर्षांचं सिम-सर्व्हर’ मिळून १३,५००. मग ‘रिन्यूअल’ म्हणून ४,१३०. त्यानंतर ‘फोर-जी अपग्रेड’चे २,९५०. आणि शेवटी हे सगळं गाडीतून उपटून वायरिंग नीट करून घ्यायला १,८५०. आकडे मुद्दाम फोडून लिहितोय, कारण ज्याला सांगावं तो आधी ‘किती गेले’ विचारतो आणि ऐकून म्हणतो, ‘जाऊ द्या नाना, लाख-दोन लाख तर नाही ना गेले.’ अरे, पैसे माझे होते आणि गाडीही माझी होती. चोरापासून वाचवायला म्हणून पैसे मोजले, तर विकणाराच उलटला.

आपल्याकडची, खानदेशातली, गाडीचोरीची धास्ती खोटी नाही, म्हणून तर असा माल खपतो. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर सोडलं की मध्य प्रदेश. सुरत रोडने नवापूर सोडलं की गुजरात. रावेरकडून बऱ्हाणपूर तर शेजारीच. रात्री एक वाजता दारातून उचललेली गाडी उजाडायच्या आत दुसऱ्या राज्यात पोचते. मग या पोलिसांनी त्या पोलिसांना पत्र लिहायचं, त्यांनी उत्तर द्यायचं, तोवर गाडीचे पार्ट सुटे झालेले असतात. बोलेरो आणि पिकअपवाले हे सगळं जाणतात. विकणाऱ्याला तर हा नकाशा तोंडपाठ होता.

दिवाळीच्या आधी पेट्रोल पंपाजवळ कनात टाकून दोन पोरं बसली होती. टेबलावर यंत्रं मांडलेली, मागे उपग्रहाचं चित्र असलेला बॅनर, गळ्यात ओळखपत्रं. बोलणं आपल्याच अहिराणीतलं. ‘नाना, गाडी कोठे शे, काय शे, बठ्ठं मोबाईलवर.’ म्हणजे गाडी कुठे आहे, काय आहे, सगळं मोबाईलवर. आपल्या बोलीत बोलणाऱ्यावर माणूस विश्वास टाकतो, त्यात काही चुकीचं आहे असं मी आजही मानत नाही.

त्यांनी तीन गोष्टी ठासून सांगितल्या आणि तिन्ही खोट्या निघाल्या. पहिली, ‘एआयएस-१४० आता सगळ्या गाड्यांना सक्तीचं झालंय, आरटीओ दंड लावेल.’ एआयएस-१४० हे गाडीतल्या ट्रॅकरचं सरकारी मानक खरं आहे. पण सक्ती आहे ती मुख्यतः प्रवासी वाहतूक करणाऱ्या सार्वजनिक सेवेतल्या वाहनांना, आणि तीही १ जानेवारी २०१९ पासून नोंदवलेल्या नव्या वाहनांपासून सुरू झाली. पांढऱ्या पाटीच्या घरगुती गाडीला ती लागू नाही. शिवाय तशा यंत्राला मान्यताप्राप्त संस्थेचं चाचणी प्रमाणपत्र लागतं, धोक्याचं बटण लागतं आणि त्याची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत होते. मला मोबाईलवर एका कागदाचा फोटो दाखवला, वर शिक्का होता, बस्स. दुसरी गोष्ट, ‘विम्यात मोठी सूट.’ विमा एजंटाने नंतर सांगितलं की चोरीरोधक यंत्राची सूट ओन डॅमेजच्या (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या) हप्त्यावर २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि त्यासाठी यंत्र एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेने मान्य केलेलं आणि बसवल्याचं प्रमाणपत्र हवं. तिसरी गोष्ट म्हणजे ‘पाच वर्षं एक रुपया लागणार नाही.’ त्याचं काय झालं ते पुढे आहेच.

ट्रॅकर कसा चालतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण नेमकी मेख कुठे असते ती लक्षात येत नाही. पेटी उपग्रहांचे संदेश घेऊन आपली जागा स्वतः काढते. पण ती जागा आपल्या मोबाईलपर्यंत पोचवायला तिच्यात सिम लागतं आणि मधे कुणाचा तरी सर्व्हर लागतो. सिम बंद पडलं की ती नुसती डबी. सर्व्हर ज्याचा, त्याला तुमची गाडी तुमच्याआधी दिसते. आणि इंधन पंपाच्या वायरवर रिले बसवला असेल तर तुमचं इंजिन बंद-चालू करणं त्याच्याच मर्जीवर.

आता ती घडी, जी आठवली की आजही हातपाय कापतात. पोरगा गाडीखाली शिरला, डॅशबोर्डाखालून वायरी ओढल्या, काळी टेप गुंडाळली. मग म्हणाला, ‘नाना, गाडी चालू करा.’ मी चालू केली. त्याने खिशातून फोन काढला, कुणाला तरी लावला आणि नुसतं म्हणाला, ‘हां, बंद कर.’ दोन-तीन सेकंदांत इंजिन गपकन बंद पडलं. जमलेल्या लोकांनी वाहवा केली. पंपावरचा माणूस म्हणाला, भारी आहे. मलाही वाटलं, काम चोख आहे.

त्या वेळी माझ्या मोबाईलमध्ये ॲप टाकलेलं नव्हतं. मला पासवर्ड मिळालेला नव्हता. माझी गाडी माझ्या डोळ्यांदेखत बंद केली ती कुठल्यातरी गावात बसलेल्या, मी कधी न पाहिलेल्या माणसाने. तिथेच म्हणायला हवं होतं की बाबा, हा कोण? हे बटण त्याच्याकडे का? पण तिथे उभ्या असलेल्या एकालाही ते सुचलं नाही. त्यात एक ट्रॅव्हल्सवाला होता, एक बँकेतला माणूस होता, माझा इंजिनीअर मुलगा होता. मग मला एकट्याला कोणत्या तोंडाने विचारता, ‘तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’ मी बी-बियाण्यांचं दुकान चालवतो. बिलं, बॅच नंबर, कंपनीचे प्रतिनिधी हे माझं रोजचं काम आहे, मी काही अडाणी नाही. सिम कोणाच्या नावावर, हे मी विचारलं होतं. उत्तर आलं, ‘कंपनीच्या. तुम्हाला रिचार्जची कटकट नको.’ सोय म्हणून सांगितलेली गोष्ट फास निघेल हे ग्राहकाने ओळखायचं कसं?

बिलाचं मात्र सांगतो, तुमच्या उपयोगाला येईल. बिलावर पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांक २४ ने सुरू होणारा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव निघतं, फुकट, कुणालाही. मी नंतर टाकला. कापडाच्या एका धंद्याचा निघाला, तोही नोंदणी रद्द झालेला. पैसे देण्याआधी टाका.

सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग धुळ्याला साखरपुड्याला गेलो होतो, मंडपाबाहेर गाडी लावलेली. निघायच्या वेळी सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. घरचे सगळे गाडीत बसलेले, म्हातारी आई मागे. तेवढ्यात मेसेज आला: ‘आपले सर्व्हर शुल्क थकीत आहे. वाहन सुरक्षित मोडमध्ये आहे.’ फोन लावला. पाच वर्षांचे पैसे दिलेत म्हटलं, तर समोरचा म्हणतो, ‘ते सिमचे होते, सर्व्हरचे वेगळे.’ ४,१३० रुपये एका यूपीआयवर मागितले. नाव कंपनीचं नव्हतं, कुण्या व्यक्तीचं होतं. भरले. नसते भरले तर काय केलं असतं? रात्री, परक्या गावात, आईला घेऊन? भरल्यावर एका मिनिटात गाडी चालू. तेव्हाच उमगलं की गाडीत बिघाड नव्हता, दोर कुणीतरी आवळला होता.

दुसऱ्या वेळी एरंडोलजवळ ढाब्यावर. या वेळी कारण ‘टू-जी बंद होतंय, फोर-जी करावं लागेल’. कारण अर्धं खरं म्हणून जास्त पटतं, कारण स्वस्त ट्रॅकर टू-जीवर चालतात आणि जिओकडे टू-जी नाहीच. पण यंत्राला हात न लावता टू-जीचं फोर-जी होतं का? २,९५० रुपये. आणि ही गोष्ट नीट वाचा: गाडी घरी उभी असताना एकदाही बंद पडली नाही. दोन्ही वेळा बाहेरगावी, अडचणीत. नकाशावर बघूनच करत होते, याबद्दल मला शंका नाही.

गाडी वायरिंगवाल्याकडे नेली. डबी बाहेर काढली, तर स्टिकरखाली दुसरं स्टिकर, दोन्हींवर वेगवेगळे आयएमईआय, म्हणजे यंत्राचे ओळख क्रमांक. आत दुकानात मिळतं तसं साधं सिम. रिलेच्या वायरी झाळलेल्या नव्हत्या, नुसत्या पिळून वर टेप, आणि एका ठिकाणी आवरण तपकिरी पडून कडक झालेलं, बोटाने दाबलं तर भुगा झाला. वायरिंगवाला म्हणाला, ‘नाना, चालत्या गाडीत पेटली असती.’ गाडी वॉरंटीत असती तर कापलेल्या वायरीपायी तीही अडचणीत आली असती.

मग सुरू झाली सरकारी फेरी. कोणतं ठाणं, कोणतं ऑफिस ते लिहीत नाही, पण वागणूक लिहिणार. ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन पैसे गेले ना, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, वस्तू हातात घेतली ना, ही खरेदी-विक्रीची बाब, ठाण्यात जा. परत ठाण्यात गेलो तर ‘दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा’. दिवाणी? माझी गाडी बंद पाडून पैसे उकळणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, धाक घालून पैसे उकळण्याला ३०८ आहे. गुन्हा कुठेही घडला असला तरी हद्दीचं कारण सांगून नोंद नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं १७३ कलम तेच सांगतं. हे मी बोललो तर साहेब म्हणतात, ‘तुम्ही वकील आहात का?’ नाही साहेब, मी फिर्यादी आहे.

परिवहन कार्यालयात गेलो. खासगी गाडीचा ट्रॅकर आमच्याकडे येत नाही. मग तुमच्या नावाने खोटी सक्ती सांगून भर रस्त्यावर कनात टाकून विकतात, ते तरी येतं का? त्यावर उत्तर नाही. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला. पिन मीच टाकला हो, पण कुणीतरी माझी गाडी दाबून धरली होती म्हणून!

माझ्याकडे त्यांचं सिम आहे. सिमवरून कुणाच्या नावाचं ते मोबाईल कंपनी पोलिसांना सांगते, मला सांगत नाही. यूपीआय आयडी आहे, त्यामागे बँक खातं आहे, खात्यामागे आधार-पॅन आहे. मेसेज आहेत, बिल आहे, यंत्र आहे. आणखी काय आणून द्यायचं फिर्यादीने, चोराला पण पकडून आणायचं का? एक पत्र पाठवायचं काम आहे. तेवढंही झालेलं नाही. अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, आणि ‘कळवतो’ म्हणाले.

मग ट्रॅकर बसवावा की नाही? बसवा. ज्याची गाडी ड्रायव्हरच्या हातात असते, केळी भरून दिल्लीकडे जाते, भाड्याने फिरते, त्याने तर बसवावाच. पण सिम तुमच्या नावावरचं, तुम्ही रिचार्ज करणार असं. तसं यंत्र मिळत नसेल तर घेऊ नका. ॲपचा पासवर्ड बसवणाऱ्यासमोर बदला. रिले लावून घेऊच नका. लावायचाच असेल तर गाडी हळू झाल्याशिवाय इंजिन कापत नाही असाच घ्या, आणि कापायची सोय तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे नाही हे लिहून घ्या. आत बॅटरी असलेला घ्या, नाहीतर चोराने गाडीच्या बॅटरीची तार काढली की खेळ खलास. ओबीडीच्या (गॅरेजवाला तपासणीचं यंत्र लावतो त्या) खोबणीत खोचायचे असतात ते एका हाताने उपटता येतात, चोराला ती जागा पाठ असते. सातपुड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी आधी आपल्या रस्त्यांवर त्या सिमला रेंज आहे का ते बघा. रेंज नसलेल्या पट्ट्यात नकाशावर दिसते ती गाडीची शेवटची जागा, आत्ताची नव्हे. आणि घरगुती गाडी रोज दारातच उभी राहत असेल तर आधी चांगलं स्टिअरिंग लॉक घ्या. फास्टॅगला तुमचा चालू नंबर जोडलेला आहे का तेही तपासा. टोल ओलांडला की मेसेज येतो, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत.

पैसे गेले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकलेले असतात. ठाण्याने नोंद घेतली नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. मी पाठवलाय. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, विकणाऱ्याच्या गावी जायची गरज नाही, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. माझी तक्रार दाखल आहे. नोटीस मात्र पुण्याच्या त्या पत्त्यावरून ‘असा इसम राहत नाही’ शेरा घेऊन परत आली. आता सिम आणि खात्याचा मालक शोधायचा अर्ज आयोगापुढे करतोय.

दिवाळीच्या सुमारास पंपावरच्या अशा कनातीतून शिरपूर, दोंडाईचा, चोपडा, पारोळा कुठेही कुणी यंत्र घेतलं असेल तर आधी वायरिंगवाल्याकडे जाऊन इंधन पंपाच्या वायरवर रिले आहे का ते बघून घ्या. सिम काढून ठेवा, फेकू नका. बिल आणि मेसेजचे फोटो काढा आणि आपापल्या ठाण्यात लेखी अर्ज द्या, अर्जावर पैसे ज्या खात्यात गेले त्याचा यूपीआय आयडी ठळक लिहा. माझ्या एकट्याचा अर्ज त्यांनी फाईलमध्ये लावून ठेवलाय. त्याच आयडीचे आणखी पाच-सात अर्ज आले, तर त्यांना ती फाईल उघडावीच लागेल.