३३ दिवस परत येतात ते तुमचेच पैसे

मोबाइलवर रोज जाहिराती पाहा आणि दिवसाला दीडशे रुपये मिळवा, ही योजना गेली काही वर्षं नावं बदलून फिरते आहे. आमंत्रण अनोळखी माणसाकडून क्वचित येतं. ते येतं भावजयीकडून, बचत गटातल्या ताईंकडून, मुलाच्या क्लासच्या सरांकडून. शिवाय त्यांच्या खात्यात खरोखर पैसे जमा झालेले असतात. म्हणून ‘हे खोटं आहे’ एवढं सांगून कोणी थांबत नाही, हिशेबच मांडावा लागतो.

मोबाइलवरच्या जाहिरातीचा भाव बहुतेक वेळा हजार वेळा दाखवण्यावर ठरतो. भारतातले भाव अमेरिकेच्या मानाने बरेच कमी, कारण इथल्या एका ग्राहकाकडून जाहिरातदाराला होणारी विक्रीच लहान. तरीही हात सैल सोडून धरू की व्हिडिओ जाहिरातीला हजार वेळांचे १०० रुपये मिळाले. म्हणजे एका वेळेचे १० पैसे. त्यातून जाहिरात पुरवणारी कंपनी आपला वाटा कापते, उरलेलं अ‍ॅपवाल्याचं. एका माणसाने दिवसात ३० जाहिराती पाहिल्या, तर सगळे मिळून झाले ३ रुपये. योजना त्याला देते १५०. वरचे १४७ जाहिरातदाराने दिलेले नाहीत.

ते आत येताना भरायला लावलेल्या मेंबरशिपमधून येतात. ५,००० रुपये भरून आत गेलेल्या माणसाला रोज १५० मिळाले की ३३ दिवसांत ४,९५० होतात. तोवर त्याच्या हातात त्याचेच पैसे परत आलेले असतात. मुद्दल सुटतं ३४ व्या दिवशी. पण माणूस तेवढा थांबत नाही. दहाव्या दिवशी हातात आलेले १,५०० रुपये पाहून तो शेजाऱ्याला सांगतो, शेजारी ५,००० भरतो आणि सांगणाऱ्याला ५०० रुपये कमिशन मिळतं.

आता योजना चालवणाऱ्याच्या बाजूने पाहा. नव्या मेंबरचे ५,००० आले, ५०० कमिशनमध्ये गेले, हातात उरले ४,५००. जुन्या मेंबरला महिन्याचे द्यायचे १५० गुणिले ३०, म्हणजे तेही ४,५००. याचा अर्थ प्रत्येक जुन्या मेंबरमागे दर महिन्याला एक नवा मेंबर लागतो, म्हणजेच संख्या दर महिन्याला दुप्पट व्हावी लागते. १०० जणांपासून सुरुवात केली तर दहा महिन्यांनी १,०२,४०० जण हवेत, आणि यात मालकाने स्वतःसाठी एक रुपयाही काढलेला नाही. योजना कोसळते ती कोणाच्या चुकीने किंवा ‘विरोधकांच्या कटाने’ नाही. ती पहिल्या दिवसापासून कोसळण्याच्या वाटेवरच असते.

हे लांबवण्यासाठी एक युक्ती असते, अपग्रेड. ‘वॉलेटमध्ये १२,००० जमले आहेत, ते काढू नका, त्यात १३,००० घाला आणि २५,००० ची लेव्हल घ्या, रोजचे ८०० होतील.’ माणसाला वाटतं आपण कमाई पुन्हा गुंतवली. प्रत्यक्षात अ‍ॅपमधला तो आकडा म्हणजे योजनेवरचं तुमचं येणं असतं. अपग्रेड घेतल्याक्षणी ते येणं एक पैसाही न देता फिटतं आणि वर तुमच्याकडून आणखी १३,००० रोख मिळतात. सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे, पहिल्या ५,००० मध्ये नाही. विथड्रॉल आठवड्यातून एकदाच, मग पंधरवड्याने, मग ‘सर्व्हर अपडेट’मुळे बंद, असा क्रम दिसू लागला की शेवट जवळ आला आहे. अशाच वेळी ‘या आठवड्यात अपग्रेड करणाऱ्यांना दुप्पट’ अशी ऑफर येते.

२०१७ च्या फेब्रुवारीत उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने (एसटीएफ) नोएडात पकडलेली योजना याच घडणीची होती. एका क्लिकला ५ रुपये देण्याचं आमिष, पॅकेज ५७,५०० रुपयांपर्यंत, आणि पोलिसांनी सांगितलेला फसवणुकीचा आकडा सुमारे ३,७०० कोटींचा. २०२४ च्या जानेवारीत कोइम्बतूरमध्ये मोबाइलवर व्हिडिओ जाहिराती दाखवणाऱ्या एका योजनेवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा हजारो मेंबर तिच्या समर्थनार्थ जमले. हे विचित्र वाटतं, पण पेआउट चालू असेपर्यंत कोणीच स्वतःला फसलेलं मानत नाही, उलट तक्रार करणाऱ्यावरच राग धरला जातो. घरातल्या कोणाला समजावताना हे लक्षात ठेवा. आवाज चढवू नका. कागद घेऊन वरचा हिशेब त्यांच्याच हाताने करू द्या.

अ‍ॅप उघडून पाहिलं तरी बरंच कळतं. खऱ्या जाहिराती जाहिरातदाराच्या पैशावर चालतात, त्यामुळे त्या कधी मिळतात, कधी मिळत नाहीत, आणि दोन फोनवर वेगवेगळ्या दिसतात. कोपऱ्यात छोटी खूण असते, आणि जाहिरात दाबली की जाहिरातदाराच्या पानावर किंवा प्ले स्टोअरवर जाता येतं. फसव्या अ‍ॅपमध्ये रात्री बारा वाजता बरोबर ३० व्हिडिओ तयार असतात, सगळ्यांना तेच. बहुतेक यूट्यूबवरून उचललेले, ज्या कंपनीची जाहिरात आहे तिला याचा पत्ताही नसतो. शिवाय अ‍ॅपमध्ये जाहिराती पुरवणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडमॉबचा नियम असा आहे की जाहिरात पाहिल्याबद्दल वापरणाऱ्याला थेट रोख पैसे देता येत नाहीत. बक्षीस द्यायचं तर गेममधलं नाणं, एखादा जास्तीचा चान्स, असलं काही. म्हणजे ‘आमच्या जाहिराती गूगलच्या आहेत आणि आम्ही रोख देतो’ असं कोणी म्हणत असेल, तर दोन्हींपैकी एक खोटं आहे किंवा त्याचं खातं बंद होण्याच्या मार्गावर आहे.

‘कंपनी रजिस्टर्ड आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. कंपनी नोंदणी आणि जीएसटी क्रमांक यांवरून कंपनी अस्तित्वात आहे एवढंच कळतं, लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी त्यातून मिळत नाही. मेंबरशिपसोबत आयुर्वेदिक गोळ्या किंवा ऑनलाइन कोर्स देऊन विक्रीचा देखावा केला जातो. त्या गोळ्या ५,००० ला कोणी नुसत्या विकत घेईल का, एवढंच विचारा. आणि कमिशनसाठी माणसं जोडणाऱ्यांनी हे नीट वाचावं: साखळी योजनांवर बंदी घालणाऱ्या १९७८ च्या कायद्यात योजना चालवणं जसा गुन्हा आहे, तसंच तिच्यात मेंबर होणं हाही गुन्हा आहे. आपल्याखाली मेंबरांची साखळी (डाउनलाइन) उभी करणारी घरातली बाई किंवा कॉलेजातला मुलगा यात आरोपी होऊ शकतो.

टेलिग्रामवरच्या ‘टास्क’ची, म्हणजे लाइक, रिव्ह्यू अशा छोट्या कामांचे पैसे देण्याची फसवणूक याच कुळातली, फक्त वेगवान. पहिल्या दिवशी १५० रुपये येतात, पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्यातरी अनोळखी व्यक्तीचं नाव असतं. दुसऱ्या दिवशी आधी पैसे भरून करायचा ‘प्रीपेड टास्क’, तिसऱ्या दिवशी विथड्रॉल अडकतं आणि सोडवण्यासाठी ‘१८ टक्के जीएसटी आधी भरा’ असं सांगतात. खरा कर (टीडीएस) पैसे देणाऱ्याने रकमेतून कापायचा असतो आणि तो आयकर खात्याकडच्या तुमच्या नावाच्या नोंदीत दिसतो. पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरा, असा कुठलाही कर नाही.

स्वतःचं अ‍ॅप बनवणाऱ्यांनाही वेगळ्या सापळ्यात ओढलं जातं. ‘तुमचं अ‍ॅडमॉब खातं महिन्याच्या भाड्याने द्या’ किंवा ‘हजार क्लिक स्वस्तात देतो’ अशा ऑफर येतात. विकत घेतलेले क्लिक बॉटचे, म्हणजे आपोआप क्लिक करणाऱ्या प्रोग्रामचे असतात. डॅशबोर्डवर कमाई फुगलेली दिसते, पण अ‍ॅडमॉब महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान सोडतं, तीही शिल्लक १०० डॉलरवर गेली असेल तर. त्याआधी बनावट क्लिकचे पैसे कापले जातात आणि बऱ्याचदा खातंच बंद होतं. क्लिक विकणाऱ्याने आपले पैसे पहिल्याच दिवशी घेतलेले असतात. खातं भाड्याने दिलं असेल तर बंदी तुमच्या नावावर येते आणि पॅनवर दिसणाऱ्या उत्पन्नाचा कर तुम्हीच भरायचा. कोणी ‘आमच्या नेटवर्कमधून जाहिराती लावा, तिप्पट मिळेल’ म्हणालं, तर आधी त्यांच्या इतर अ‍ॅप्सच्या अ‍ॅप-अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी या फाइली, म्हणजे त्या अ‍ॅपमधली जाहिरातीची जागा कोणी विकायची याच्या याद्या, उघडून पाहा. त्यांत त्या नेटवर्कचं नाव आणि खाते क्रमांक नसेल तर पुढे बोलू नका.

पैसे गेले असतील तर क्रम महत्त्वाचा. ग्रुप सोडू नका, अ‍ॅप काढू नका. टेलिग्रामवर समोरचा माणूस दोन्हीकडचं चॅट पुसू शकतो, म्हणून आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवर पाठवा: लिंक, वॉलेटचा आकडा, आमंत्रण देणाऱ्याचा नंबर, प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय आयडी आणि बारा आकडी व्यवहार क्रमांक (यूटीआर). अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरून घेतलं असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्याच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी आणि एसएमएसच्या परवानग्या लगेच बंद करा. मग सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, १९३० ला फोन. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत ते गोठवता आले तरच काही हाती लागतं, त्यामुळे रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. बँकेलाही त्याच वेळी कळवा. मेंबरशिपच्या योजनेसाठी याशिवाय आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या, महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. शक्य तितक्या मेंबरांनी एकत्र जा.

तक्रारीनंतर काही दिवसांत एखादा ‘रिकव्हरी एजंट’ किंवा ‘सायबर वकील’ फोन करेल. त्याला तुमची बुडालेली रक्कम रुपयापर्यंत माहीत असेल, कारण फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. तो फाइल उघडण्याचे २,००० मागेल. १९३० वर तक्रार नोंदवायला काहीही फी लागत नाही.