उभी संख्यारेषा पट्टी: काही महिने वर्गात वापरल्यावर

भिंतीवर उभी लावायची, लॅमिनेट केलेली पट्टी. एका बाजूला −20 ते 20 छापलेले, दुसऱ्या बाजूला नुसत्या खुणा. तिथे आकडे आपण मार्करने लिहायचे आणि पुसायचे. सोबत एक सरकता बाण. प्राथमिकच्या मोठ्या मुलांना ऋण संख्या आणि राउंडिंग शिकवताना मी ती सतत वापरते.

छापील बाजूचा उपयोग लगेच कळतो. −7 मोठे की −3, असे विचारले की बरीच मुले −7 म्हणतात. सात तिनापेक्षा मोठे ना! पट्टी उभी असल्यामुळे वाद फार चालत नाही. −7 खाली आहे, म्हणजे लहान. शाब्दिक उदाहरणांतही तेच. "सकाळी तापमान −4 अंश होते, दुपारी 7 झाले, किती वाढले?" याला 3 हे उत्तर हमखास येते. बाण −4 वर ठेवायचा, शून्यापर्यंत चार घरे, तिथून वर सात, झाले 11. पुढेपुढे मुले बाणाला हात न लावता "शून्यापर्यंत चार" असे पुटपुटायला लागतात. मग छापील बाजूचे फारसे काम उरत नाही.

पैसे वसूल होतात ते कोऱ्या बाजूमुळे. 347 जवळच्या शंभरापर्यंत राउंड करायचे तर खाली 300, वर 400, मधोमध 350 लिहायचे आणि 347 कुठे बसते ते बघायचे. "पाच किंवा जास्त असेल तर एक वाढवा" एवढेच घोकलेली मुले आधी 350 करतात, मग त्याचे 400. पट्टीवर 347 मध्याच्या खाली दिसते, त्यामुळे 300 च.

ऋण संख्येत तर हा घोकलेला नियम मुलांना सरळ चकवतो. पारा −38.83 अंश सेल्सिअसला गोठतो. जवळच्या पूर्ण अंशापर्यंत किती? "वाढवा" म्हटले म्हणून काही जण −37 सुद्धा सांगतात. खाली −39, वर −38 लिहून खूण करायला लावली की ती −39 च्या शेजारी पडते. दशांश शिकून झाले असतील तर हे उदाहरण जरूर घ्या. दोन्ही धडे एकाच खुणेत तपासले जातात.

आता तक्रारी. बाण सैल होऊन घसरतो, मी त्याला चिमटा लावते. उणे चिन्ह इतके बारीक छापले आहे की मागच्या बाकावरून −8 आणि 8 सारखेच दिसतात. मार्कर रात्रभर राहिला तर डाग पडतो.

सोबतच्या सरावपत्रिकेवर माझा जास्त राग आहे. 38 मुले, एका गाडीत 12, तर गाड्या किती? पट्टीवर 3.17 तिनाजवळ पडते, पण गाड्या चार लागतात. हे उदाहरण राउंडिंगच्या सरावात कशाला घातले, देव जाणे. ते मी वेगळे, पट्टी बाजूला ठेवून घेते. आणि −15 जवळच्या दहापर्यंत राउंड करा म्हणून −20 असे उत्तर छापले आहे, कारण न देता. −20 आणि −10 दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत. कोणी शून्यापासून लांबची घेतात, कोणी मोठी, म्हणजे −10. या वयात तो संकेतांचा घोळ नको, म्हणून −15 खोडून मी तिथे −14 आणि −16 लिहिले आहे.