पोस्टफिक्सवरचा स्वतःचा मेल सर्व्हर: एका द्राक्ष हंगामानंतरचा अनुभव

पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या द्राक्ष पॅकहाउसचा सगळा ई-मेल व्यवहार आम्ही भाड्याच्या व्हीपीएसवर (आभासी सर्व्हरवर) डेबियन ही लिनक्स प्रणाली, मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी बसवून स्वतः चालवतो. एक पूर्ण निर्यात हंगाम त्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. युरोपातील आयातदाराला पॅकिंग लिस्ट, बीजक आणि फायटोसॅनिटरी (माल रोग-कीडमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राची प्रत वेळेत मिळावीच लागते. ती त्याच्या स्पॅम फोल्डरमध्ये पडून राहिली, तर आम्ही ती पाठवली होती याला काहीच अर्थ उरत नाही. म्हणून माझी कसोटी एकच आहे: मेल इनबॉक्समध्ये पोहोचतो का?

आता पोहोचतो, पण त्याचे श्रेय पोस्टफिक्सपेक्षा डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावे आणि पत्ते यांच्या सूचीतील) नोंदींना अधिक आहे. सर्व्हरच्या आयपी पत्त्याची पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) व्हीपीएस देणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते आणि त्या नोंदीतले नाव, त्या नावाचा पत्ता व पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला हेलोमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला स्वतःची ओळख देताना, सांगतो ते नाव, ही तिन्ही जुळली पाहिजेत. आयपीव्ही६ या नव्या प्रकारच्या पत्त्याला वेगळी पीटीआर नोंद लागते आणि ती नसेल तर जीमेल मेल नाकारते, म्हणून आम्ही पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगितले आहे. पत्ता भाड्याने घेण्यापूर्वी तो स्पॅमहॉस या संस्थेच्या स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत नाही ना, हे पाहावे. आधीच्या भाडेकरूचे उद्योग नव्या भाडेकरूला भोवतात.

डीकेआयएमने, म्हणजे मेलवरील डिजिटल सहीच्या व्यवस्थेने, सर्वांत जास्त वेळ खाल्ला. २०४८ बिटांची सार्वजनिक की (ती सही तपासण्याची किल्ली) डीएनएसमधल्या टीएक्सटी या मजकुराच्या नोंदीच्या एका तुकड्यात बसत नाही, कारण एका तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची असते. ती अवतरणचिन्हांतल्या दोन तुकड्यांत लिहावी लागते. आमचे डोमेन जिथे नोंदवले आहे, तिथल्या पॅनेलमध्ये दुसरा तुकडा निमूटपणे गळून जात होता आणि पॅनेल मात्र नोंद यशस्वी झाल्याचे दाखवत होते. बाहेरून डिग या डीएनएस तपासणाऱ्या कमांडने नोंद वाचल्यावरच ते उघड झाले. पॅनेलवर विश्वास न ठेवता प्रत्येक नोंद अशीच तपासावी, असे मी आग्रहाने सांगेन.

खरा उपयोग झाला तो डीमार्कच्या अहवालांचा. डीमार्क म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर त्याचे काय करावे, हे समोरच्या सर्व्हरला सांगणारे धोरण. धोरण सुरुवातीला ‘नन’ ठेवले की मेल अडत नाहीत, पण जीमेलसारख्या मोठ्या सेवा साधारण रोज एक्सएमएल अहवाल पाठवतात आणि आपल्या डोमेनच्या नावाने कोण कोण मेल पाठवते ते त्यांतून कळते. आमच्या अहवालांत एक अनोळखी आयपी पत्ता सतत दिसत होता. शोध घेतला तेव्हा तो लेखा विभागाच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा निघाला: ते बीजके थेट स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवत होते, त्यांतले एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची तपासणी) त्या कंपनीच्या डोमेनसाठी पास होत होते आणि आमच्या ‘फ्रॉम’ पत्त्याशी ते जुळत नसल्यामुळे डीमार्क मात्र नापास होत होता. ती बीजके आता आमच्याच पोस्टफिक्समधून जातात.

फेब्रुवारी २०२४पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलला रोज ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचा झाला आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवणे भाग पडले. आमची संख्या त्याच्या जवळपासही नाही, तरीही एसपीएफ किंवा डीकेआयएम, पीटीआर आणि टीएलएस (जोडणीचे कूटबद्धीकरण) या अटी लहान पाठवणाऱ्यालाही लागू आहेत.

पोस्टफिक्सची एक मूळ सेटिंग निर्यातदाराने अवश्य बदलावी. समोरच्या सर्व्हरने तात्पुरता नकार दिला, तर पोस्टफिक्स पाच दिवस प्रयत्न करत राहतो आणि तोपर्यंत पाठवणाऱ्याला काहीही कळवत नाही, कारण विलंबाची सूचना मुळात बंद असते. आम्ही ती चार तासांवर आणली आहे. सूचना आली की कागदपत्रे हाताळणारी मंडळी लगेच आयातदाराला फोन करतात.

ज्यांच्याकडे लॉग वाचणारे माणूस नाही, त्यांनी पैसे देऊन तयार मेलसेवा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आमचे डीमार्क धोरण सध्या ‘क्वारंटाइन’वर (नापास मेल स्पॅममध्ये टाका) आहे, बिलिंगचे अहवाल स्वच्छ येत राहिले, तर पुढची छाटणी सुरू होण्याआधी ते ‘रिजेक्ट’वर (नापास मेल सरळ नाकारा) नेणार आहोत.