वूल्सी घ्यावा की क्रॉमवेल?

भाचीला इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळावर निबंध लिहायचाय. राजा आठव्या हेन्रीचा कोणता सल्लागार निवडावा, थॉमस वूल्सी की थॉमस क्रॉमवेल, इथेच गाडी अडलीये.

घराणं दोघांचंही साधंच. वूल्सी इप्सविचच्या खाटकाचा मुलगा, क्रॉमवेल पटनीच्या लोहाराचा. वूल्सी चर्चमधून वर चढला आणि 1515 मध्ये कार्डिनल (पोपखालोखालचा धर्मगुरू) आणि लॉर्ड चॅन्सेलर (राजाचा बडा मंत्री) झाला. क्रॉमवेल त्याच्याच हाताखाली तयार झालेला.

कामगिरीत मात्र क्रॉमवेलचं पारडं जड. वूल्सीचा थाट दांडगा, हॅम्प्टन कोर्टचा महाल त्यानेच उभारला. पण राजाला पहिली राणी कॅथरीन हिच्यापासून मोकळं करणं काही जमलं नाही. क्रॉमवेलने पोपलाच बाजूला सारलं. 1534 च्या कायद्याने राजा चर्चप्रमुख झाला, पुढे मठ बंद पडले, त्यांच्या जमिनी राजाकडे आल्या.

शेवट? वूल्सी 1530 मध्ये खटल्याआधीच आजारपणात गेला. क्रॉमवेलचा 28 जुलै 1540 रोजी शिरच्छेद झाला आणि त्याच दिवशी हेन्री पाचव्यांदा बोहल्यावर चढला! (धन्य तो राजा.)

एक अडचण आहे: क्रॉमवेलला आलेली पत्रं ढीगभर उरलीत, त्याने लिहिलेली फार कमी.

दरबार, वैभव, परराष्ट्रांशी डावपेच आवडत असतील तर वूल्सी घे. कायदा आणि संसद वापरून राज्य कसं बदलतं हे लिहायचं असेल, तर क्रॉमवेल.