पितळ म्हणून लोखंड, वाड्याचा साग म्हणून कच्चं लाकूड

सातपूरच्या कारखान्यात २८ वर्षं टर्नर, म्हणजे लेथ यंत्रावर कातकाम करणारा कामगार, होतो. निवृत्तीनंतर पडवीत छोटा लाकडी लेथ लावला आणि हाताने पेनं करायला लागलो. हे सगळं लिहितोय ते नाशिकमध्ये आणि बाहेरही हे काम नव्याने शिकणारी बरीच मुलं आहेत म्हणून. माझे पैसे गेले, तसे त्यांचे जाऊ नयेत.

गेल्या आषाढात एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शिक्षक दिनासाठी ४० पेनं सांगितली. बारीक, पिळून उघडायच्या पेनाला लाकडाचे दोन तुकडे लागतात. प्रत्येक तुकड्याला आरपार भोक पाडायचं, त्यात पितळी नळी चिकटवायची आणि मग लेथवर कातायचं. ४० पेनं म्हणजे ८० नळ्या. वेळ कमी होता. गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात एक तरुण असेच तयार ब्लँक, म्हणजे कातायच्या आधीचे तुकडे, विकत होता, नळी बसवलेले, टोकं घासून सपाट केलेले. "काका, जुन्या नाशकातल्या वाड्याची तुळई आहे, शंभर वर्षांचा साग. डोळे झाकून घ्या." पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, काही वाडे उतरवले जातात आणि त्यांचं लाकूड बाजारात येतं, हे आपण दरवर्षी बघतो. त्यामुळे माझा लगेच विश्वास बसला. १५० रुपये जोडी, अशा ५० जोड्या घेतल्या. साडेसात हजार मोबाईलवरून पाठवले. बिल मागितलं नाही.

कातताना तीन तुकडे फुटले. आडव्या रेषेचं लाकूड असेल म्हणून बाजूला टाकले. पटाशीने वरचा थर निघाला की आतून फिकट, पांढुरकं लाकूड दिसायचं, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. गाभ्याचा जुना साग आतूनही सोनेरी तपकिरी असतो. हे बाहेरच्या सालीजवळचं पांढरं होतं, वरून रंग चढवलेलं. पण तारीख डोक्यावर होती. पॉलिश केलं, ४० पेनं वेळेत दिली.

मार्गशीर्षात थंडी पडली, हवा कोरडी झाली आणि फोन सुरू झाले. पहिला फोन मुख्याध्यापक बाईंचाच. "पेनाला उभी चीर गेलीय हो, माझ्या हातून पडलं नव्हतं." त्यांचा आवाज इतका अपराधी होता की मलाच वाईट वाटलं. महिनाभरात १७ पेनं परत आली. सगळ्यांना तशीच उभी चीर.

मग उरलेल्यातला एक ब्लँक शिकंज्यात धरून पटाशीने उभा फोडला. दोन्ही टोकांना सुपरग्लूचं जेमतेम चार-पाच मिलिमीटरचं कडं होतं. मधे काहीच नाही. नळी अगदी गुळगुळीत, चकचकीत, पॉलिश पेपर कधी लागलाच नव्हता. लाकडाच्या भोकात ड्रिलचा भुसा तसाच. टोकं घासलेली असल्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की आत सगळीकडे चिकटलंय. नळी लोहचुंबकाजवळ नेली तर टक्कन चिकटली. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ते लोहचुंबकाला चिकटत नाही. हॅक्सॉने कापली तर वर पिवळा मुलामा आणि आत करडं लोखंड. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावात मला पितळ म्हणून लोखंड विकलं गेलं, याचा राग अजून जात नाही.

चीर का पडली, तेही नीट समजून घ्या. हे लाकूड पुरतं सुकलेलं नव्हतं. ओलं लाकूड सुकताना आडव्या अंगाने आकसतं, धातूची नळी आकसत नाही. कातून झाल्यावर टोकाला लाकूड जेमतेम पाऊण मिलिमीटर उरतं. ते नळीभोवती ताणलं जातं आणि रेषेतून उकलतं. मधे ग्लूच नसेल तर पातळ लाकडाला आधारही राहत नाही.

त्या तरुणाला फोन केला. आधी म्हणाला, तुमच्या लेथचा स्पीड जास्त असेल. मग म्हणाला, लाकूड आहे काका, हवेप्रमाणे आकसणार-फुगणारच. चुंबकाचं सांगितल्यावर फोन ठेवला आणि त्यानंतर तो लागलाच नाही. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करता येते. पण माझ्याकडे बिल नाही, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही. पैसे पाठवल्याची नोंद तेवढी आहे. म्हणून छापील बिल घ्या, त्यावर 'पितळी नळी' आणि लाकडाची जात लिहून घ्या. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आणि नळी बसवलेला ब्लँक विकतच घेऊ नका. ज्या ग्लूवर सगळं पेन उभं असतं तोच त्यात झाकलेला असतो. लाकूड वेगळं, नळी वेगळी घ्या. प्रत्येक नळी दुकानातच चुंबकाला लावून बघा. पाऊण इंच चौकोनी, पाच इंच लांब सुकलेला सागाचा तुकडा साधारण ३० ग्रॅम भरतो. फारच जड लागला तर ओला समजा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठ दिवसांनी वजन करून तारखेसह लिहून ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत भोक पाडू नका. पावसाळ्यात स्थिर दिसलेलं वजन थंडीत पुन्हा उतरतं, हे मी आता माझ्याच वहीत बघतोय.

बसवताना नळी पॉलिश पेपरवर आडवी-तिडवी घासून चमक घालवा. साग तेलकट असतो, म्हणून भोक आतून ॲसिटोनने पुसून सुकू द्या. नळीची टोकं मेणाने बुजवा, नाहीतर ग्लू आत शिरतो. मी आता दोन ट्यूबांचं इपॉक्सीच वापरतो, सावकाश घट्ट होणारं. दोन्ही ट्यूबांमधून सारख्याच मापाने घेऊन मिसळायचं, भोकात आणि नळीवर दोन्हीकडे लावायचं, नळी गोल फिरवत, थोडी मागेपुढे करत आत सारायची. समोरच्या टोकाने ग्लू सगळीकडून बाहेर आला पाहिजे. मग रात्रभर हात लावायचा नाही.

परत आलेल्या १७ पैकी ११ पेनं नवीन करून दिली आहेत, पहिलं मुख्याध्यापक बाईंना. उरलेल्या सहांचं लाकूड काट्यावर अजून दर आठवड्याला अर्धा ग्रॅम उतरतंय, म्हणून थांबलोय. फोडलेला ब्लँक आणि कापलेली नळी डबीत ठेवली आहे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी तीच देतो, चुंबकासकट.