टॅम्पॉन : आठ पाळ्यांनंतरचा अनुभव (फुकट गेलेले पहिले तीन धरून)

आधी हिशेब सांगते, म्हणजे माझ्या बोलण्याला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. टॅम्पॉन म्हणजे पाळीत योनीमार्गात सरकवायचा, रक्त आतच शोषून घेणारा बोळा. तो वापरायला लागून आठ पाळ्या झाल्या. बोटाने आत सरकवायचा साधा आणि नळीवाला, म्हणजे ॲप्लिकेटरवाला, असे दोन्ही प्रकार वापरले. लाइट, रेग्युलर, सुपर हे तिन्ही आकार झाले. मला पाळी पाच दिवस असते, दुसऱ्या दिवशी अंगावरून भरपूर जातं, बाकीचे दिवस बेताचे. त्याआधीची सोळा-सतरा वर्षं पॅडवर काढली आणि जांघेत घासून होणारी पुरळ सोडली तर फार तक्रारही नव्हती. पण पोहायला शिकायचं मनावर घेतलं आणि दर महिन्याला नेमके चार-पाच दिवस काठावर बसायची पाळी (हो, तीच) यायला लागली. म्हणून टॅम्पॉन.

पहिले तीन कसे वाया गेले ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक जणी तिथेच नाद सोडतात असं मला वाटतं. मीही सोडणार होते.

पहिला मी पाळी यायच्या आदल्या दिवशी ‘सराव’ म्हणून घालायला गेले. हा माझा सगळ्यात मोठा शहाणपणा. टॅम्पॉन म्हणजे घट्ट दाबलेला कापूस किंवा रेयॉन, त्याचं कामच मुळी ओलावा ओढून घेणं. आत स्राव नसेल तर तो जागच्या जागी रुततो. अर्धा सेंटिमीटरही पुढे जाईना, वर चरचरायला लागलं. पाळी नसताना टॅम्पॉन वापरायचाच नसतो, हे त्या खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद मी अर्थातच उघडला नव्हता.

दुसरा पाळीच्या दुसऱ्या दिवशी. यावेळी गेला, पण अर्धाच. मी न्हाणीघरात ताठ उभी, श्वास रोखलेला, दात आवळलेले, आणि सरळ वर ढकलतेय. पुढे भिंत असल्यासारखं लागलं. मला वाटलं, झालं, एवढीच जागा असणार. बाहेर येऊन खुर्चीत बसले आणि तशीच उडाले. चिमटा बसल्यासारखं. दहा मिनिटं मनाची समजूत घातली की सवय होईल, मग जाऊन काढला. निम्मा कोरडाच होता, त्यामुळे येतानाही खरवडत आला.

तिसरा नळीवाला होता. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या असतात. बाहेरची जाड नळी आत ठेवायची आणि मग आतली बारीक नळी ढकलायची. मी घाबरून बाहेरची नीट आत जायच्या आधीच आतली ढकलली. टॅम्पॉन टुणकन उडून वॉशबेसिनमध्ये पडला. रडू यायला हवं होतं, पण हसू आलं. त्या महिन्यात मग पॅडच.

मधल्या तीन आठवड्यांत तो कागद शेवटी वाचला. त्यात शरीराचं बाजूने काढलेलं चित्र होतं आणि माझी चूक त्या एका चित्रात होती. मी डोक्यात सरळ वर जाणारी नळी धरून चालले होते. योनीमार्ग उभा नसतोच, तो मागे कललेला असतो. उभं राहून सरळ वर ढकललं की टॅम्पॉन पुढच्या भिंतीवर जाऊन टेकतो. मला लागली ती ‘भिंत’ हीच. दिशा बेंबीकडे नाही, माकडहाडाकडे ठेवायची. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. दुखतंय म्हणून मी आपली धीर गोळा करत होते, आणि अडलं होतं निव्वळ कोनापाशी.

दुसऱ्या पाळीतला, म्हणजे एकूण चौथा, असा घातला. मुद्दाम जास्त जाणारा दिवस निवडला. घरात कोणी नाही, कुठे जायचं नाही. हात साबणाने धुऊन पुसले. वेष्टन काढलं, दोरी उलगडली आणि एक झटका देऊन पक्की आहे ना ते बघितलं. साधा टॅम्पॉन होता; त्याचा दोरीकडचा तळ थोडा फाकवला की तर्जनीचं टोक बसायला खळगा होतो. कमोडच्या कडेला टेकून अर्धवट उकिडवी बसले. (एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहणं बऱ्याच जणींना जमतं, मला नाही.) मग लघवी रोखताना आवळतो ते स्नायू मुद्दाम आवळले आणि सोडले. दोन-तीनदा. आवळल्याशिवाय सोडणं म्हणजे काय ते कळत नाही, निदान मला कळत नव्हतं. श्वास सोडत सोडत टॅम्पॉन माकडहाडाच्या रोखाने सरकवला. तोंडाशी स्नायूंची एक अंगठी लागते, तिथे क्षणभर अडला. मी थांबले, ढकललं नाही. पुन्हा श्वास सोडला आणि तो त्या अंगठीच्या पलीकडे गेला. मग बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं आणि मी ते काढून घेतलं.

आणि काहीच वाटेना. चालले, वाकले, खुर्चीत धपकन बसले. काही नाही. दोरी आहे का ते दोनदा चाचपून बघितलं, कारण आत काही आहे यावर विश्वासच बसत नव्हता.

यामागचं कारण नंतर कळलं. योनीचा तोंडाजवळचा भाग जास्त संवेदनशील असतो, वरच्या भागात त्या मानाने जाणीव कमी. अर्धवट राहिलेला टॅम्पॉन नेमका संवेदनशील भागात आणि त्या स्नायूंच्या पकडीत अडकतो. म्हणजे टॅम्पॉन टोचत असेल तर ‘फार आत गेला’ असं वाटतं, पण बहुधा तो पुरेसा आत गेलेला नसतो. नवखी बाई घाबरून तो बाहेर ओढते, तेव्हा खरं तर बोटाने आणखी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत सरकवायची गरज असते. तेवढ्याने टोचणं थांबलं नाही तर मात्र काढून नवा घ्यायचा.

आता मला वाटलेल्या आणि मैत्रिणींनी विचारलेल्या भीती. आत हरवेल का? जाणार कुठे! वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड असतं, त्याचं छिद्र इतकं बारीक की टॅम्पॉन त्यातून जाऊच शकत नाही. लघवीला जाताना काढायचा का? नाही, लघवीची वाट वेगळी, तिचं छिद्र वेगळं. फक्त दोरी बोटाने बाजूला धरायची, नाहीतर ती ओली होते आणि दिवसभर ओलसर दोरा वागवावा लागतो. ‘पडद्या’चं काय? या नावानेच घोळ घातलाय. तो सगळी वाट बंद करणारा पडदा नसतो, तोंडाशी असलेली पातळ घडी असते आणि बहुतेकींच्या बाबतीत तिला आधीपासूनच उघडी जागा असते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर आलं कुठून असतं? ती ताणली जाऊ शकते, क्वचित थोडी फाटूही शकते. त्यावरून कोणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लग्न झालंय की नाही, मूल आहे की नाही, याचा टॅम्पॉनशी संबंध नाही.

मात्र एक गोष्ट खरी आहे. काहींच्या त्या घडीत आडवी-उभी पट्टी असते, किंवा तिचं छिद्र फारच लहान असतं, किंवा आत काहीही जायला लागलं की स्नायू आपोआप आवळले जातात. अशा वेळी कोन बदलून, श्वास सोडून काही उपयोग होत नाही. तीन-चार शांत प्रयत्नांनंतरही दुखत असेल तर जोर लावू नका, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

आकाराबद्दल. रेग्युलर म्हणजे ‘सगळ्यांसाठीचा नेहमीचा’ असं समजून मी पहिलं खोकं रेग्युलरचं घेतलं. ती मापं वयाची, अंगाची किंवा अनुभवाची नसतात, किती शोषतो त्याची असतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे लाइट ६ ग्रॅमपर्यंत, रेग्युलर ६ ते ९, सुपर ९ ते १२ आणि सुपर प्लस १२ ते १५ ग्रॅम. खोक्यावर थेंबांची चित्रं असतात तीही हेच सांगतात. अख्ख्या पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं हे वाचून मी चाटच पडले. दुसऱ्या दिवशीचा पॅड बघून मला लिटरभर तरी वाटायचं. शिकताना लाइट घ्या, तो बारीक असतो. आणि नियम असा की काम भागेल तेवढा कमीत कमी शोषणारा वापरायचा. चार-पाच तासांनी काढताना ओढ लागत असेल, पांढरा भाग दिसत असेल, तर एक माप खाली या. भिजलेला टॅम्पॉन सहज घसरत येतो, त्यात दुखण्यासारखं काही नसतं.

‘कमीत कमी’चा आग्रह नुसता आरामासाठी नाही. टॉक्सिक शॉक सिंड्रोम नावाचा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार आहे. काही जिवाणूंचं, मुख्यतः स्टॅफिलोकॉकस ऑरियसचं, विष रक्तात गेल्याने तो होतो. १९८० मध्ये अमेरिकेत पाळीच्या दिवसांत याचे खूप रुग्ण सापडले आणि त्याचा संबंध प्रचंड शोषणाऱ्या टॅम्पॉनशी लागला. म्हणून वेळ पाळायची : चार ते आठ तास, आठच्या वर कधीच नाही. टॅम्पॉन आत असताना किंवा नुकताच काढल्यावर एकाएकी मोठा ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखी लाल त्वचा असं काही झालं तर टॅम्पॉन काढायचा, तडक दवाखाना गाठायचा आणि टॅम्पॉन वापरत होते हे न लाजता सांगायचं. मी फोनवर सहा तासांचा गजर लावते. गजराचं नाव ‘फाइल पाठवणे’, कारण तो मीटिंगमध्ये वाजतो.

तरी पाचव्या पाळीत घोळ झालाच. शेवटच्या दिवशी रात्री आठवेना की संध्याकाळचा काढला होता की नाही. काहीच जाणवत नाही ही जी याची खुबी, तीच इथे उलटली. दोरी हाताला लागेना. पाच मिनिटं हात-पाय गार. मग हात धुतले, नीट उकिडवी बसले, बाळंतीण कळ देते तसा खाली जोर दिला आणि दोन बोटांनी चाचपलं. दोरी आतल्या बाजूला गुंडाळून बसली होती, बोटांत आली. सात तास झाले होते. तेव्हापासून काढला की फोनवर खूण करते, आणि पाळी संपताना ‘शेवटचा काढला’ हे वेगळं लिहिते. बोटांना लागलीच नसती तर तडक डॉक्टरकडे जायचं होतं. चिमटे वगैरे घेऊन घरगुती शोधमोहीम काढायची नाही.

गळतो का? गळतो. ते बूच नव्हे, बोळा आहे. पूर्ण भिजला की रक्त बाजूने आणि दोरीवरून उतरतं. दुसऱ्या दिवशी मी खाली पातळ पॅन्टी लायनर लावतेच. दोरीला लाल रंग दिसायला लागला की बदलायची वेळ झाली, हा गजरापेक्षा प्रामाणिक इशारा.

नळीवाला की साधा, यावर मी बराच खल केला. नळीची कल्पना जुनी : अर्ल हास नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९३१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. बिननळीचा, बोटाने घालायचा टॅम्पॉन घडवण्यात जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ जुडिथ एसर-मिटाग यांचा हात होता. तो १९५० मध्ये बाजारात आला. मी बिननळीच्या बाजूची. बोटाला दिशा कळते, अडलं की तिथल्या तिथे कळतं, पर्समध्ये मुठीत मावतो, आणि प्लास्टिकची नळी दर वेळी टाकून द्यावी लागत नाही. पण हाताला रक्त लागणं ज्यांना नको वाटतं त्यांनी नळीवालाच घ्यावा. सहाव्या पाळीत मी तो पुन्हा वापरला आणि मुकाट नीट बसला. बाहेरची नळी पकडीच्या खाचांपर्यंत आत, मग आतली ढकलायची, एवढंच होतं ते. कोणताही असो, वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात. कमोडमध्ये टाकलात तर नळ तुंबेल.

न आवडलेलं : ओटीपोटात दुखायचं ते दुखतंच, त्यात रतीभर फरक नाही. हात धुवायला पाणी नसलेल्या ठिकाणी बदलणं नको वाटतं. पाचव्या दिवशी इतकं थोडं जातं की लाइटसुद्धा कोरडा येतो, त्यामुळे तो दिवस पॅडचाच. आणि रात्री मी वापरत नाही. आठ तासांच्या आत उठणार असाल तर चालतो, पण माझी सुट्टीच्या दिवशीची झोप भरवशाची नाही. एकूण पॅड घरातून गेले नाहीत, निम्म्यावर आले. जांघेतली पुरळ मात्र तिसऱ्या पाळीपासून नाही.

आणि पोहणं. पाण्यात उतरायच्या आधी नवा घालते, दोरी आत खोचते, बाहेर आल्यावर लगेच बदलते. पॅडवर गेलेला तो पहिला महिना सोडला तर एकही डाग नाही, पोहण्याचा एकही तास बुडला नाही. श्वास घेताना नाकात पाणी अजून जातंच, त्याला टॅम्पॉन काय करणार.